रितवणीचा नगारा

एका राज्यात पाऊस पाहुण्यासारखा येई. तोही असा पाहुणा, की उंबरठ्यावरूनच 'बरे आहे ना?' विचारून पुढे जाणारा. चहूकडे वाळू. वाळूच्या मधोमध सिकतापुरी नावाचे नगर, आणि नगराभोवती पाच शिखरांचे कडे. शिखरांची नावे थोरला, उंटमान, घारटोक, जोगीण आणि धाकटी. परमुलखातले लोक म्हणत, असल्या जागी नगर वसवणारा राजा एक तर वेडा असला पाहिजे, नाही तर हट्टी. तो हट्टी होता. त्याची प्रजाही हट्टी होती, आणि या गोष्टीचा तिला भारी अभिमान होता.

अभिमान असावा असे नगर होतेच ते. दर हिवाळ्यात, मार्गशीर्ष लागला की शिखरांवर हिम पडे. दुपारच्या उन्हाने ते वितळे आणि डोंगराच्या पोटातून कोरलेल्या भुयारी पाटांनी तिसऱ्या दिवशी नगराच्या मोठ्या विहिरीत येऊन पडे. ते पाट खोदायला तीन पिढ्या लागल्या होत्या. पहिल्या पिढीने पाण्याचा थेंब पाहिला नाही, दुसरीनेही पाहिला नाही. तरी कुदळ कोणी खाली ठेवली नाही. हे सांगताना तिथल्या माणसाची मान जरा ताठ होई. होऊ द्या. ज्याचे पूर्वज असे, त्याची मान ताठ असायचीच.

सिकतापुरीत कोणी पाणी मागत नसे. प्रत्येक दारात वाटसरूसाठी एक रांजण भरलेला असे, आणि उन्हातून आलेल्या माणसाने तोंड उघडण्याआधी त्याच्या हातात गडवा ठेवला जाई. मागायला लावणे ही तिथे यजमानाची नामुष्की समजत.

आणि त्या नगराची एक रीत होती, तिचे नाव रितवणी. शिखरावर पहिले हिम दिसले, की बुरुजावरच्या नगाऱ्यावर तीन ठोके पडत. ते ऐकताच घरोघरचे रांजण, घागरी, डेरे, सगळे पाणी लोक डाळिंबांच्या आणि खजुरांच्या मुळांशी ओतून टाकत. भांडी घासून उन्हात पालथी घालत, मग तोंडे वर करून ठेवत. नवा पाहुणा यायचा आणि घरात शिळे पाणी? छे! चिक्कूपणा करायला ते काय परमुलखातले होते? विहीर तोवर आटलेली असे, म्हणून तीन दिवस नगर कोरडे राही आणि तिसऱ्या दिवशी विहिरीत पाणी गर्जत येई. नऊ पिढ्यांत एकदाही चुकले नव्हते.

नगारा वाजवण्याचा मान एका घराण्याचा. त्यांना हिमदर्शी म्हणत. या कथेच्या वेळी नगाऱ्याची टिपरी सारजाबाईच्या हाती होती. वय चाळिशीच्या पुढचे, अंगाने काटक, आणि नजर अशी की घारटोकावर बसलेली घार कोणत्या डोळ्याने पाहते आहे ते सांगावे. तिचे वडील, ज्यांना ती आबा म्हणे, तिच्याआधी हिमदर्शी होते. आता त्यांना दिसत नसे. ते दिवसभर बुरुजाच्या पायथ्याशी ऊन खात बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला घराण्याचा महिमा ऐकवत. येणारे जाणारे तो महिमा पाठ झाला तरी ऐकत. तेवढी माणुसकी तिथे होती.

पूर्वी या घराण्यात एक नेम होता. हिम दिसले की आधी शिखरावर जायचे, अनवाणी पाऊल हिमात ठेवायचे, मग खाली येऊन नगारा वाजवायचा. 'पाय शिवल्यावाचून हात उचलू नये,' असे जुने लोक म्हणत. पण आबांच्या काळात हा नेम सुटला. आमच्या नजरेला पायाची साक्ष कशाला, असे ते म्हणाले, आणि कोणाला ते वावगे वाटले नाही. चुकण्याची सवयच नव्हती त्या नगराला.

त्या वर्षी अजून आश्विन सरला नव्हता. सारजा सकाळी बुरुजावर चढली, आणि तिने समोर पाहिले. धाकटी पांढरी झाली होती! धाकटीच काय, जोगीण, घारटोक, उंटमान, थोरला, पाचही शिखरे खांद्यापर्यंत पांढरीशुभ्र. मार्गशीर्षाला अजून महिन्याहून अधिक अवकाश होता. इतके लवकर, इतके भरघोस हिम कोणत्याच हिमदर्शीने पाहिले नव्हते.

तिचा हात क्षणभर थबकला. वारा उबदार होता, आणि हिमाच्या दिवशी तो तसा नसतो. पण मग तिच्या मनात आले, की नऊ पिढ्यांत सर्वांत लवकर हिम पाहणारी म्हणून आपले नाव राहील. खरे सांगायचे तर तिला ते फार आवडले. तिने टिपरी उचलली आणि तीन ठोके दिले.

मग काय विचारता! गल्लीगल्लीत रांजण कलंडले. बायांनी घागरींवर घागरी ओतल्या, म्हाताऱ्यांनी काठी टेकत टेकत दारचे गडवे रिकामे केले. डाळिंबांच्या बुंध्यांशी चिखल झाला आणि त्यात पोरे लोळली. राजा उदग्रसेनाने स्वतःच्या हाताने महालातला चांदीचा हंडा ओतला. बुरुजाखाली आबा ज्याला त्याला सांगत होते, "माझी लेक बरे का! महिनाभर आधी!"

तिसरा दिवस आला. लोक नटूनथटून विहिरीभोवती जमले. पाणी आले नाही. लोक म्हणाले, हिम फार पडले आहे, वितळायला वेळ लागत असेल. चौथा दिवस आला. विहीर तळापर्यंत कोरडी होती आणि शिखरे होती तशी पांढरी होती. वर जाऊन पाहावे, असे कोणी म्हटले नाही. नगाऱ्याने हिम आले म्हणून सांगितल्यावर पाहायला जाणे म्हणजे हिमदर्शीच्या तोंडावर अविश्वास दाखवणे. तेवढा असभ्यपणा कोणी करणार नव्हते, घसा सुकला तरी.

चौथ्या दिवशी दुपारी वेशीतून एक पांढरा उंट आत आला. त्यावर अभ्रकेश बसला होता. हा पश्चिमेच्या खाऱ्या रणात राहणारा मांत्रिक. त्याचे केस अभ्रकाचे होते, आणि चालताना ते बारीक खळखळत. राजवाड्यासमोर त्याने उंट बसवला, पण स्वतः उतरला नाही.

"राजन्, माझ्या गडात पाण्याचे टाके आहे. अख्ख्या नगराला पुरेल."

"तुझी अट सांग," राजा म्हणाला.

"तू माझ्या पायरीशी यावेस, मुकुट काढून 'पाणी दे' म्हणावेस, आणि पाचही शिखरे कायमची माझ्या स्वाधीन करावीस. पुढे दरवर्षी पाणी मागायला येत जा."

"सिकतापुरी मागत नाही."

अभ्रकेश हसला. "रिकामे रांजण फार वाजतात, राजन्. आठ दिवस देतो." आणि तो आला तसा निघून गेला.

राजा उदग्रसेनाने नगरातले सारे उंट बोलावले. उंटांवरच्या पखाली म्हणजे रांजण नव्हेत, म्हणून रितवणीत त्या ओतल्या गेल्या नव्हत्या. एवढे एक बरे झाले. राजाने आज्ञा केली, की प्रत्येकाला सकाळ-संध्याकाळ एकेक ओंजळ. आधी बाळंतिणी आणि लेकरे, मग आजारी, मग बाकीचे, आणि शेवटी राजा. त्या आठ दिवसांत राजाच्या वाट्याला पुरी ओंजळ एकदाही आली नाही, आणि त्याने ते कोणाला कळू दिले नाही.

सारजा राजापुढे येऊन उभी राहिली. तिच्या डोळ्याला चार दिवस डोळा लागला नव्हता.

"महाराज, मी धाकटीवर जाऊन येते."

"नजरेवर शंका आहे, सारजाबाई?"

"पायाची साक्ष राहिली आहे."

राजाने तिच्याकडे पाहिले आणि स्वतःची सकाळची ओंजळ तिच्या लहानशा पखालीत ओतली.

धाकटीची चढण एका दिवसाची. हिमरेषेशी पोचल्यावर सारजाने वहाणा काढल्या आणि पाऊल टाकले. पाऊल पोटरीपर्यंत आत गेले. आत ऊब होती. तिने मूठ भरून वर उचलली आणि पाहिले. हातात पिसे होती. पांढरी, मऊ, लाखो लाखो पिसे, शिखरापासून शिखरापर्यंत अंथरलेली. सारजाला रडू आले, पण रडण्यात पाणी जाते म्हणून तिने ते गिळले.

इतक्यात शेजारच्या ढिगातून आवाज आला, "बाई, तुझ्या खांद्यावरची घोंगडी रिकामी आहे का?"

एक म्हातारी हंसीण बोलत होती. तिच्या अंगावर एकही पीस नव्हते आणि ती कुडकुडत होती. सारजाने तिला घोंगडीत गुंडाळून पोटाशी धरले.

"तू कोण, आजी?"

"मी हिमहंसांची वडीलधारी. उत्तरेकडून दरवर्षी आम्ही पंखांखाली हिवाळा घेऊन येतो आणि या शिखरांवर झटकतो. या वर्षी अभ्रकेशाने वाटेत जाळे लावले. आमची पिसे उपटून इथे पसरली आणि माझ्या सातशे जणांना आपल्या गडातल्या पिंजऱ्यात कोंडले. मी म्हातारी, कामाची नाही, म्हणून मलाही पिसांबरोबर टाकून दिले."

"पिसांना हिम समजले कोणी?"

"तू समजलीस, लेकी. तुझा नगारा नऊ पिढ्या खरे बोलला आहे. डोंगरसुद्धा त्याचे ऐकतात. हिम आले, असे त्याने सांगितले. डोंगरांनी ते मानले. आता या वर्षी खरे हिम त्यांच्या दाराशी येऊन उभे राहिले, तरी ते म्हणतील, आमच्याकडे आले आहे आधीच."

सारजाला वाटले, धरणी दुभंगावी. आपल्या घराण्याच्या खरेपणाचाच फास झाला होता.

"उपाय सांग, आजी."

"उपाय तीन आहेत, म्हणजे तीन मिळून एक आहे. खारे रण ओलांड. गडाची भिंत ओलांड. मग पिंजरा फोड. पहिले अवघड आहे, दुसरे त्याहून, आणि तिसरे करणारा तुमच्या नगरात अजून जन्मला नाही असे अभ्रकेश म्हणतो."

सारजाने हंसिणीला पाठीशी बांधले आणि ती पश्चिमेला उतरली.

दुसऱ्या दिवशी खारे रण लागले. तिथे मृगजळ राहते. इतर ठिकाणी ते नुसते दिसते; तिथे ते बोलतेही. सारजाच्या पावलांशी ते निळेशार पसरले आणि गोड आवाजात म्हणाले, "तहान लागली का गं?"

हंसीण कानाशी कुजबुजली, "जो 'लागली' म्हणतो, त्याला ते पाजते, आणि तो मीठ पिऊन मरतो. तुझ्या नगरचे लोक 'नाही' म्हणाले, आणि खोटे बोलल्याबद्दल त्यांना रणाने गिळले. बारा जण आहेत खाली. सगळे ताठ उभे आहेत."

सारजाचे ओठ फुटले होते. तिच्याही जिभेवर 'नाही' आले होते. सिकतापुरीच्या माणसाच्या जिभेवर दुसरे येणार काय? तिने ते परत आत ढकलले.

"लागली आहे," ती म्हणाली. "फार लागली आहे. घरी जाऊन पिईन."

मृगजळाला यावर काय म्हणावे ते सुचेना. ते बाजूला सरले, आणि त्याच्या मधून कोरडी पायवाट निघाली.

चौथ्या दिवशी अभ्रकेशाचा गड आला. सारा गड मिठाच्या शिळांचा. त्याला दार नव्हते, सभोवती छातीएवढी भिंत होती. सारजाने तिच्यावर हात टेकला, तशी भिंत म्हणाली, "कोण आहे?"

"सिकतापुरीची हिमदर्शी, नवव्या पिढीची, बुरुजाची मानकरी, आबासाहेबांची कन्या..."

एकेका शब्दासरशी भिंत हातहात वाढत गेली. सारजा थांबली तेव्हा भिंतीचा माथा मान वर करूनही दिसत नव्हता.

"अजून काही?" भिंतीने विचारले.

"सारजा," ती म्हणाली. भिंत हातभर उतरली.  मग सारजा हळूच म्हणाली, "चुकलेली सारजा."

भिंत सरसरत खाली आली आणि गुडघ्याएवढी झाली. सारजा तिच्यावरून पाय टाकून आत गेली.

आत टाके होते, काठोकाठ भरलेले. त्याच्या शेजारी पिंजरा होता. पिंजऱ्याला गज तीनच, पण त्यांतून माशीही बाहेर पडत नव्हती. आत सातशे हंस उघडे-बोडके, एकमेकांना बिलगून बसले होते. सारजाने गजाला कान लावला आणि ती मागे सरली. गज घुमत होते. तो तिच्याच नगाऱ्याचा नाद होता. तिने दिलेले तीन ठोके तिथे गज होऊन उभे होते.

"ओळखलेस ना?" मागून अभ्रकेशाचा आवाज आला. केस खळखळवत तो टाक्याच्या काठावर बसला. "ते जगातल्या कोणत्याही हत्याराने तुटत नाहीत. ज्या हाताने दिले, त्यानेच परत घेतले तर तुटतात. सगळ्या नगरासमोर, त्याच बुरुजावर उभे राहून."

"एवढेच?"

"एवढेच! नगारा परत घेणाऱ्या हिमदर्शीचा कायदा काय आहे, बाई?"

सारजाला कायदा पाठ होता. "टिपरी मोडायची. मान घराण्यातून कायमचा जायचा."

"म्हणून तर मी स्वस्थ बसलो आहे. तुम्हा लोकांना तहान चालते. चूक चालत नाही." तो पुढे झुकला आणि आवाज मऊ करून म्हणाला, "ऐक. तू गप्प राहा. तुझा राजा माझ्या पायरीशी आला, की मी तुमच्या पाटांत पाणी सोडीन. लोक म्हणतील, हिम उशिरा वितळले. पिसांचे कोणाला कळणार नाही. तुझे नाव राहील, तुझ्या म्हाताऱ्या बापाचे नाव राहील. वाकायचे ते राजा वाकेल."

सारजाने टाक्यातल्या पाण्याकडे पाहिले. तिची पखाल त्या सकाळीच संपली होती. आणि खोटे कशाला बोला, त्याचे म्हणणे तिला क्षणभर पटले. आबांचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर आला. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला त्यांच्याजवळ दुसरे काय होते?

मग तिला राजाने ओतलेली ओंजळ आठवली. ती काही न बोलता वळली, गुडघ्याएवढ्या भिंतीवरून बाहेर पडली आणि चालू लागली. अभ्रकेश हसत राहिला. त्याला वाटले, सौदा पटला.

परतीच्या वाटेवर ती दोनदा पडली. दोन्ही वेळा हंसिणीने चोचीने कान ओढून तिला उठवले. आठव्या दिवशी, ऊन चांगले वर आले असताना ती वेशीत शिरली. चौकात सगळे नगर जमले होते. पखाली संपल्या होत्या. लेकरे रडायचीही थांबली होती. आणि राजवाड्याच्या पायऱ्यांवर राजा उदग्रसेन उघड्या डोक्याने उभा होता. मुकुट त्याने शेजारी ठेवला होता. तो अभ्रकेशाकडे निघाला होता. प्रजेसाठी वाकायला त्याची ना नव्हती, पण त्याच्याकडे कोणाला पाहवत नव्हते.

"महाराज, थांबा!" सारजा ओरडली, आणि बुरुजाच्या पायऱ्या चढू लागली.

वर पोचली खरी, पण नगारा परत कसा घ्यायचा हे कोणालाच ठाऊक नव्हते. तसा प्रसंगच आला नव्हता. तिने थोडा विचार केला. उजव्या हाताने दिले होते, तर डाव्या हाताने घ्यावे. तिने टिपरी डाव्या हातात धरली आणि तीन ठोके दिले. ते वाकडेतिकडे पडले. खाली सगळ्यांनी माना वर केल्या.

"लोकहो," सारजा म्हणाली. घसा कोरडा असल्याने आवाज फाटत होता. "मी जे पाहिले, ते हिम नव्हते. ती पिसे होती. मी पाय न शिवता हात उचलला. माझ्या शब्दावर तुम्ही पाणी ओतलेत. चूक माझी आहे. मी नगारा परत घेते."

आणि तिने नऊ पिढ्यांची टिपरी गुडघ्यावर धरली आणि मोडली.

 असे काही त्या नगरात कोणी ऐकले नव्हते. तेवढ्यात बुरुजाच्या पायथ्याशी हालचाल झाली. आबा भिंत धरून उठत होते.

"चूक तिची एकटीची नाही!" ते ओरडले. "पायाचा नेम मी मोडला. आणि... आणि ऐका आता. माझ्या तेविसाव्या वर्षी मी ढग पाहून नगारा वाजवला होता. दुसऱ्या दिवशी खरे हिम पडले म्हणून निभावले. साठ वर्षे मी हे पोटात ठेवले आहे."

सारजा वरून पाहतच राहिली. म्हातारा रडत होता, पण त्याची मान कधी नव्हे इतकी ताठ होती. तिला त्याचा इतका अभिमान आयुष्यात कधी वाटला नव्हता.

त्याच क्षणी खाऱ्या रणात पिंजऱ्याचे तीन गज तुटले. पाच शिखरांवरची पिसे उठली. आभाळभर झाली, पश्चिमेला गेली, आणि आपापल्या मालकांच्या अंगावर जाऊन बसली. घोंगडीतल्या म्हातारीलाही तिची पिसे मिळाली. थोडी विरळ होती, पण होती. तिने चोचीने सारजाच्या कानाला शेवटचा एक चिमटा काढला आणि ती उडाली.

सातशे हंस उत्तरेला गेले आणि तिसऱ्या प्रहरी हिवाळा घेऊन परतले. येताना ते मुद्दाम अभ्रकेशाच्या गडावरून आले आणि तिथेही पंख झटकले. मिठाच्या गडावर हिम पडले, वितळले, आणि गड विरघळून टाक्यात गेला. टाक्यातले पाणी खारट झाले. मग हंस सिकतापुरीकडे वळले. लोकांनी छपरांवर चढून पाहिले. आधी थोरला, मग उंटमान, मग घारटोक, मग जोगीण, आणि सर्वांत शेवटी धाकटी. वारा असा गार सुटला, की आठ दिवसांची तहान घटकाभर विसरली गेली. कार्तिक लागायचा होता आणि पाचही शिखरे पांढरी झाली होती!

पण या वेळी कोणी ओरडले नाही. सगळे सारजाकडे पाहत होते. ती म्हणाली, "मी शिवून येते." उंटावर घालून तिला धाकटीच्या पायथ्याशी नेले, आणि दुसऱ्या दिवशी ती उतरली तेव्हा तिचे तळवे गारठून लाल झाले होते आणि घोंगडीत हिमाचा गोळा होता. तो लेकरांच्या ओठांवरून फिरवत फिरवत ती बुरुजापाशी आली.

राजाने सोन्याने मढवलेली नवी टिपरी पुढे केली. "सारजाबाई, वाजवा."

"नाही महाराज. कायदा आहे. मान गेला."

"मग वाजवणार कोण?"

  हिम आले होते आणि ते सांगायला नगराजवळ हात नव्हता. चौकाच्या कडेला एक कुंभारीण आपल्या दारच्या रिकाम्या रांजणाला टेकून उभी होती. तिने जरा इकडेतिकडे पाहिले आणि तळव्याने रांजणावर थाप मारली. रांजण घुमला. शेजारणीने आपल्या डेऱ्यावर मारली. मग त्या गल्लीने, मग पलीकडच्या गल्लीने. घासूनपुसून कोरडे ठेवलेले नगरातले सगळे रांजण, सगळ्या घागरी, राजाचा चांदीचा हंडासुद्धा, एकदम वाजू लागले. डोंगरांनी तो नाद ऐकला आणि पाटांची तोंडे उघडली. तोवर उंटांवरून आणलेल्या हिमावर नगराने तहान भागवली, आणि तिसऱ्या दिवशी विहिरीत पाणी गर्जत आले.

त्याच संध्याकाळी वेशीपाशी एक माणूस आला. उंट नव्हता, केसांतले अभ्रक झडले होते, ओठांवर मीठ साचले होते. अभ्रकेश होता तो. त्याने तोंड उघडले, पण शब्द फुटायच्या आत कुंभारणीने त्याच्या हातात गडवा ठेवला. मागायची वेळ तिने त्याच्यावर येऊ दिली नाही. तो पाणी प्यायला, रडला, आणि पुढे जन्मभर पाटांतला गाळ उपसायचे काम त्याने केले. चांगले केले, असे म्हणतात.

तेव्हापासून सिकतापुरीत रीत थोडी बदलली. हिम दिसले की कोणीतरी जाऊन ते अनवाणी पायाने शिवून येते. मग रांजण वाजतात. आणि शिळे पाणी ओततात ते विहिरीत नवे पाणी आल्यावर. हट्टी असलो तरी आम्ही शिकतो.

हो, आम्ही. एवढे सांगून झाल्यावर आता लपवण्यात काय अर्थ? आमच्या नगरात कधी आलात, तर दारातला गडवा आधी घ्या, मग राजवाड्यात चला. इतर राज्यांत जिंकलेल्या तलवारी काचेच्या पेटीत ठेवतात. आमच्याकडे मुकुटाच्याही वरच्या पायरीवर, मखमलीवर, दोन तुकडे झालेली एक जुनी टिपरी ठेवली आहे. ती आम्ही परक्यांना आधी दाखवतो, आणि दाखवताना आमची मान ताठ होते.